स्रोत दोन

आमच्या वॉर्डात आता कोणी रडत नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी नगरहून कोल्हापूरला या नवजात अतिदक्षता विभागात रुजू झाले, तेव्हा इथे बारा बाळं, पाच सिस्टर, दोन आया असायच्या आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या मशीनची पिपाणी वाजत असायची. एकमेकींशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. आता दहा पेट्या आहेत, भिंतीवर दहा हिरवे दिवे आहेत आणि दिवसपाळीला मी एकटी आहे. दिवा हिरवा असेल तोवर कशालाही हात लावायचा नाही, असा नियम. माझ्यासारख्या बाईला हा नियम म्हणजे शिक्षाच.

पेटीला कंपनीच्या भाषेत 'कोश' म्हणतात. आम्ही तिला पिशवीच म्हणतो, बायका आपल्या गर्भाशयाला म्हणतात तशी. तेवीस आठवड्यांचं बाळ तळहातावर मावतं. त्याची फुप्फुसं हवेसाठी तयारच नसतात. पूर्वी आम्ही नळीने त्यांत हवा भरायचो, आणि ज्या हवेने जीव वाचायचा तीच हवा फुप्फुसं खराब करायची. पिशवीत हवा नाही. कोमट, खारट पाणी आहे आणि नाळ एका चपट्या यंत्राला जोडलेली आहे. रक्त तिथे जाऊन प्राणवायू घेतं आणि परत येतं. ते फिरवणारा पंप म्हणजे बाळाचं स्वतःचं हृदय. आपण जन्मलोय याचा बाळाला पत्ताच लागत नाही. चौतिसाव्या आठवड्यात पिशवी उघडायची, नाळ कापायची, की मग ते पहिल्यांदा रडतं.

सुरुवातीच्या पिशव्या मुक्या होत्या. त्यांतली मुलं धडधाकट निघाली, पण तीन-तीन वर्षांची झाली तरी बोलेनात. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाला ऐकू यायला लागतं आणि आईचं बोलणं ऐकत ऐकतच त्याचा मेंदू भाषेसाठी तयार होतो. म्हणून पिशवीत आवाज सोडायला सुरुवात झाली. आईचा आवाज साठवून ठेवायचा, शिवाय पेटीच्या बाजूला माइक. आईने बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. पुढचं यंत्र स्वतः शिकतं. कुठल्या आवाजाने बाळाचे ठोके संथ होतात हे बघतं आणि तो आवाज वाढवत नेतं. ज्याने ठोके बिथरतात तो कमी करतं. आई कोण आणि मावशी कोण, हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी सगळे नुसते स्रोत. स्रोत एक, स्रोत दोन.

एवढं समजलं की पुढचं समजेल. चूक माझी होती, हेही समजेल.

ईश्वरी चौगुले वीज कंपनीत वायरमनचं काम करायची. पन्हाळ्याच्या बाजूचं गाव, नवरा लष्करात, लडाखला. तेविसाव्या आठवड्यात तिचा रक्तदाब चढला, झटके आले आणि तिला वाचवण्यासाठी बाळ काढावं लागलं. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनच्या मास्कमधून तिचा आवाज साठवला. चार मिनिटांचा, त्यात धापा आणि हुंदके जास्त, शब्द कमी. नवव्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून वॉर्डात आणलं. एका हाताला सलाइन, दुसरा हात सुजलेला. तिला बटण दाबून धरता येईना. मी खिशातली मायक्रोपोरची चिकटपट्टी काढली, बटण दाबलं आणि वरून पट्टी चिकटवून टाकली. आम्हा सिस्टर लोकांचा सगळ्यावर हाच उपाय असतो. सलाइनची सुई असो, फायलीचं फाटलेलं पान असो की घड्याळाचा सुटलेला पट्टा, सगळं आम्ही मायक्रोपोरने चिकटवतो. ती दहा मिनिटं बसली, "बाळा, बाळा" एवढंच म्हणाली आणि तिला परत नेलं. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. टाके पिकले, पुन्हा ऑपरेशन झालं. पुढचे साडेनऊ आठवडे ती आलीच नाही. पट्टी तिथेच राहिली.

आणि मी बोलत राहिले.

माझी जुनी खोड आहे. बाळाला हात लावण्याआधी मी त्याला सांगते. आता पुसते हं, आता पाय धरते हं, आता टोचणार, एकदाच. माझ्या पहिल्या मेट्रनबाईंनी मला तसं वळण लावलं होतं. त्या म्हणायच्या, बाळाला कळत नसेल तर न कळू दे, तुला तर कळतंय ना? पिशवीत हात लावण्यासारखं काही उरलं नाही, पण सांगायची खोड गेली नाही. पाणी बदलते हं, नाळ बघते हं, असं माझं चालूच. नोंदी दहा मिनिटांत आटपायच्या आणि बारा तासांची पाळी समोर आ वासून उभी असायची. मग मी ईश्वरीच्या बाळाच्या पेटीजवळ स्टूल ओढून बसायचे, कारण तिथे खिडकी आहे. आणि मनात येईल ते बोलायचे.

काय बोलायचे? माझ्या वरच्या मजल्यावरच्या कुंभोजेंची टाकी माझ्या बाल्कनीत गळते आणि ते म्हणतात गळत नाही. माझा नगरचा भाऊ फक्त नाताळला फोन करतो, तोही स्पीकरवर टाकून, म्हणजे दुसरं काम करता येतं. काल भरली वांगी केली, दोन खाल्ली, उरलेली आज डब्यात आहेत, उद्याही असतील. मला मूल नाही. बत्तिसाव्या वर्षी माझी पिशवी काढावी लागली, आणि नवरा जाऊन आता बारा वर्षं झाली. घरी माझं बोलणं ऐकायला कोणी नाही म्हणून मी ड्यूटीवर बोलते, इतकी साधी गोष्ट आहे. बाकीच्या नऊ पेट्यांचे माइक बंद होते. याचा उघडा आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.

पिशवी उघडायच्या सकाळी ईश्वरी स्वतःच्या पायांनी चालत आली. डॉक्टर मुजावरांनी नाळ कापली, बाळ रडलं आणि मी त्याला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. तिने किती दिवस वाट पाहिली असेल त्या क्षणाची. "आलास का रं माझ्या राजा," ती म्हणाली.

बाळाने टाहो फोडला. ठोके एकशे नव्वदच्या वर गेले. मी टॉवेल घेऊन पुढे झाले आणि सवयीने म्हटलं, "झालं, झालं. आता डोकं पुसते हं."

तो गप्प झाला. जिथून आवाज आला तिकडे त्याने मान वळवली आणि डोळे किलकिले केले.

"सिस्टरना ओळखतोय की!" मुजावर सर हसले. ईश्वरीही हसली. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हाही ती हसली. दुपारपर्यंत पाच-सहा वेळा झालं, आणि मग ती हसेनाशी झाली.

"मी बोलतो तर रडतंय," ती म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं म्हणतात, तशी ती बोलायची. "तुम्ही बोललासा की गप. असं का वो?"

"अगं, नवीन आहे अजून. होईल सवय," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी रिकामी पेटी पुसायला घेतली आणि माइकच्या बटणावरची पट्टी माझ्या हाताला लागली. कडा काळ्या पडल्या होत्या. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पट्टी खरवडून काढली, तिची गोळी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. कोणालाही काही सांगितलं नाही.

तीन दिवस सांगितलं नाही. लाज वाटते, पण लिहून टाकते, ते तीन दिवस मला फार सुखाचे गेले. आमच्या चर्चच्या गायनमंडळात माझा आवाज घोगरा म्हणून मला मागच्या रांगेत उभं करतात, आणि हळू गा अशी खूण करतात. त्या आवाजासाठी एक जीव मान वळवून मला शोधत होता. मी मुद्दाम त्याच्या पाळण्याजवळून बोलत जायचे. घरी गेल्यावर सकाळची वाट बघायचे. अशी वाट मी कित्येक वर्षांत कशाचीही पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी मुजावर सरांनी मला खोलीत बोलावलं. ईश्वरी आधीच तिथे बसली होती. पडद्यावर पिशवीची अकरा आठवड्यांची नोंद होती, बाळाने कुणाचा आवाज किती ऐकला त्याची.

"स्रोत एक, म्हणजे आई. चार टक्के," सर म्हणाले. "तिचा साठवलेला आवाज लावला की ठोके बिथरायचे, म्हणून यंत्राने तो जवळपास बंदच केला. स्रोत दोन, त्र्याऐंशी टक्के. दिवसा थेट माइकवरून आणि संध्याकाळनंतर साठवलेलं पुन्हा पुन्हा." त्यांनी बोटाने दाबलं आणि खोलीत माझा आवाज आला. *कुंभोजे म्हणतात, टाकी गळतच नाही. मग माझ्या बाल्कनीत काय आभाळ गळतंय?*

स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकला की कानशिलं तापतात. मी घरी जाऊन कुलूप उघडत होते, एकटीचं ताट वाढून घेत होते, तेव्हाही मी इथे त्याच्याशी बोलत होते.

"बटण मी चिकटवलं होतं," मी म्हटलं. "ईश्वरी पहिल्यांदा आली तेव्हा. काढायचं राहिलं. आणि मला हे तीन दिवसांपूर्वी कळलंय."

ईश्वरीने माझ्याकडे बघितलं. "मी तिकडं तापानं फणफणत पडलोतो," ती म्हणाली, "आणि वाटायचं, निदान माझा आवाज तरी हाय त्याच्यापाशी. एवढ्यावर दिवस काढलं वो मी." ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही.

सरांनी घसा खाकरला. कंपनी एक लहानशी डबी देते, त्यांनी सांगितलं. त्या डबीत स्रोत दोनचा आवाज भरायचा. आई जे बोलेल ते डबी त्या आवाजात बोलेल. बाळ शांत राहील, दूध पिईल, झोपेल. वर्ष-दोन वर्षांत आईचा खरा आवाज थोडा थोडा मिसळत न्यायचा. फक्त ज्याचा आवाज आहे त्याची सही लागते. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"करा सही," ईश्वरी म्हणाली. "पोराला झोप लागल्याशी मतलब."

मला सही करायची होती. खोटं कशाला बोलू? पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका घरात रोज सकाळी माझ्या आवाजाने एक मूल जागं होईल, माझ्या आवाजात त्याला चिऊ आणि माऊ कळेल, ही कल्पनाच मला सोडवेना. मी पेन उचललंसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या खोलीत बाळ रडलं. ईश्वरी ताडकन उठली, दारापर्यंत गेली, तिने तोंड उघडलं आणि मग स्वतःच्या हाताने ते झाकून घेतलं. आपण बोललो तर ते अजून रडेल, अशी भीती बसली होती तिला. खांबावर चढून खालच्या माणसांना हुकूम देणारी बाई तीन दिवसांत आपल्या पोरासमोर मुकी झाली होती.

मी पेन खाली ठेवलं.

"तीन आठवडे द्या," मी सरांना म्हटलं. "या वॉर्डात मी तोंड उघडणार नाही. हिलाच बोलू दे."

मला दुसऱ्या विभागात हलवणं सोपं होतं, पण पिशवीचं शिक्षण घेतलेल्या आम्ही जिल्ह्यात तिघीच, आणि त्यांतली एक स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर. सर म्हणाले, "ठीक आहे. घरी सोडताना ओळख चाचणी असतेच. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तुम्ही. दोघींनी एकेकदाच बोलायचं. तो आईकडे वळला तर डबी नको. तुमच्याकडे वळला तर सही करायची. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. त्यानंतर एकवीस दिवस मी वॉर्डात एक शब्दही बोलले नाही.

बोलणं बंद ठेवणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. घरी मी कुठे बोलते? पण घरी कोणी ऐकणारं नसतं म्हणून गप्प बसणं वेगळं आणि समोर ऐकणारा असताना ओठ मिटून घेणं वेगळं. एक वही आणि पेन गळ्यात अडकवून मी फिरायचे. दुसऱ्या दिवशी त्याचं रक्त तपासायचं होतं. त्याची टाच धरली, सुई हातात घेतली आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी न सांगता बाळाला टोचलं. तो रडला, आणि रडता रडता मान इकडून तिकडे फिरवायला लागला. मी त्याच्यापासून वीतभर अंतरावर होते. हे काम सोडून द्यावं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

ईश्वरी सकाळी आठला येऊन त्याला छातीशी बांधून बसायची आणि बोलायची. तो रडायचा. बोंडल्याने दूध पाजलं तर अर्धं बाहेर काढायचा. वजन दोन किलोवरून अठराशे नव्वदवर आलं, मग अठराशे तीसवर. सहाव्या दिवशी मुजावर सरांनी मला दाराबाहेर गाठलं. ईश्वरीही मागून आली.

"सिस्टर, हट्ट कुणासाठी चाललाय? उद्या वजन अजून उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. तुम्ही दोन शब्द बोललात तर आत्ता पिईल तो."

हट्ट त्याच्यासाठी होता, तिच्यासाठी होता की तीन दिवस गप्प बसल्याची भरपाई होती, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

"नळी घालायची तर घाला," ईश्वरी म्हणाली. "पण ह्यांनी बोलायचं न्हाई. अजून चार दिवस बघूया." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही त्याला सांगत काय हुतासा एवढं अकरा आठवडं?"

"काही नाही गं. टाकी. वांगी. भाऊ."

"मला सांगा."

सरांनाही ते पटलं. पिशवीतल्या पाण्यातून शब्द नीट पोचत नाहीत, ते म्हणाले. पोचतो तो चढउतार, वेग, कुठे थांबलं आणि कुठे सूर खाली आला ते. बाळाने तुमची भाषा शिकलेली नाही, चाल शिकलेली आहे. आईला ती चाल उचलता आली तर बाळ निदान तिचं ऐकून तरी घेईल.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही जिन्याजवळच्या बाकावर डबे उघडून बसायला लागलो. मी सांगायचे, ती घास थांबवून ऐकायची, आणि वॉर्डात परतली की बाळाला सांगायची. "तर बाळा, आपल्या सिस्टरांच्या डोक्यावर एक कुंभोजे ऱ्हातोय. लई बिलंदर. टाकी गळतीया, आन् म्हणतोय, गळत न्हाई." माझ्यासारखं सावकाश, वाक्याच्या शेवटी सूर खाली आणून. पहिल्या दिवशी तो रडायचा थांबला नाही, पण मध्ये मध्ये दम घ्यायला थांबला. दुसऱ्या दिवशी दोन बोंडली दूध प्यायला. नळी टळली.

रोज तिला नवीन काहीतरी लागायचं. मी तिला लग्नाचं सांगितलं, नवऱ्याच्या आजारपणाचं सांगितलं, नर्सिंग कॉलेजात मी पाण्याची बादली मेट्रनच्या पायावर कशी ओतली होती ते सांगितलं. ती मैत्रीण म्हणून विचारत नव्हती, हे मला कळत होतं. तरी साडेबारा वाजायची मी वाट बघायचे. कोणीतरी "मग पुढं?" असं म्हणत होतं मला. दहा दिवसांत माझं सगळं आयुष्य सांगून संपलं, आणि ते इतक्यात संपण्याजोगं आहे याचं मला जरा वाईटही वाटलं.

सतराव्या दिवशी दुपारी मी त्याचा लंगोट बदलत होते. गार हात लागल्यामुळे तो कडाडून रडत होता. ईश्वरी दारात, आमच्याकडे पाठ करून फोनवर होती. तिच्या जागी लावलेला नवा मुलगा लाइन बंद न करताच खांबावर चढायला निघाला होता. "आधी खाली उतर!" ती गरजली. माझी चाल, माझा सूर, सगळं विसरून, तिच्या खणखणीत आवाजात. "लाइन बंद केलीस का? मग? हात लावायचा न्हाई तारेला, सांगून ठेवतोय तुला!"

माझ्या हातातलं रडणं थांबलं. त्याने मान दाराकडे वळवली. मी पडद्याकडे बघितलं. एकशे बहात्तर, एकशे साठ, एकशे एकेचाळीस.

तिने पाहिलं नव्हतं. सर नव्हते. मला एकटीलाच माहीत होतं. मी काही केलं नसतं तर ती पुन्हा येऊन माझ्यासारखं बोलायला लागली असती, आणि तो अर्धा माझा राहिला असता. चाचणीला चार दिवस होते. चार दिवस गप्प राहायचं, बस. गप्प राहण्यात तर मी आता तरबेज झाले होते.

तिने फोन ठेवला. मी बाळाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने वहीत लिहिलं, *तुझ्या आरड्याने गप्प झाला. ठोके बघ. आता माझ्यासारखं बोलू नकोस, तुझ्यासारखं बोल.* पान फाडून तिच्या हातात दिलं. तिने दोनदा वाचलं. मग तिथेच जमिनीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवसापासून तिला माझ्या गोष्टी लागेनाशा झाल्या. ती त्याला खांब, फ्यूज, ट्रान्सफॉर्मरवर बसणारे बगळे असलं काय काय दणदणीत आवाजात सांगायची आणि तो तिच्या हनुवटीकडे बघत ऐकायचा. जेवायलाही त्याच्याजवळच बसायची. मी बाकावर डबा उघडायचे. चूक तिची नव्हती. बाक मात्र मोठा वाटायचा.

चाचणीच्या सकाळी तिचा नवरा रजेवर आला होता आणि खाली गाडीत सामान ठेवत होता. बाळाला मऊ गादीवर उताणं ठेवलं. ईश्वरी उजवीकडे, मी डावीकडे, पायाशी मुजावर सर नोंदीची पाटी घेऊन. आदल्या दिवशी घरी मी ठरवून टाकलं होतं. मुद्दाम कोरडं बोलायचं नाही आणि मुद्दाम गोडही बोलायचं नाही. अकरा आठवडे जशी बोलत होते तसंच बोलायचं. नाहीतर ती चाचणी कसली?

"स्रोत एक," सर म्हणाले.

"काय रं, जायाचं न्हवं घरला?" ईश्वरी म्हणाली. तो तिच्याकडे वळला. पाय झाडले.

सरांनी त्याची मान पुन्हा हलकेच मधोमध आणली. थोडं थांबले. "स्रोत दोन."

एकवीस दिवसांनी वॉर्डात माझा आवाज निघाला, आणि तो मलाच अनोळखी वाटला. "बाळा, आज घरी जायचं हं," मी म्हटलं. "बाहेर ऊन आहे. डोळ्यांवर टोपी ओढते, चालेल ना?"

पडद्यावरचा आकडा हलला नाही. एकशे अडतीस होता, एकशे अडतीसच राहिला. त्याने ऐकलं असणार, कान उत्तम आहेत त्याचे. पण त्याची मान हळूहळू उजवीकडे गेली, ईश्वरीच्या हनुवटीकडे, आणि तिथेच थांबली.

सरांनी नोंद केली. ईश्वरीने त्याला उचलून छातीशी घेतलं. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. हेच व्हावं म्हणून मी तीन आठवडे ओठ शिवून घेतले होते. आता मागे सरायचं, टोपी आणि दुपटं आणून द्यायचं, एवढंच काम उरलं होतं.

मी मागे सरले नाही. पुढे वाकले, त्याच्या डोक्याजवळ गेले. अकरा आठवड्यांत त्याला सगळं सांगितलं होतं, नाव तेवढं राहिलं होतं. आणि म्हटलं, "बाळा, मी मार्था."

चाचणीत एकदाच बोलायचं असतं. मुजावर सरांनी दुसऱ्या वेळचं काही लिहून घेतलं नाही.